शकुनाच्या कोंबड्या

इ. स. पूर्व २४९. रोमचा कॉन्सल क्लॉडियस सिसिलीतल्या द्रेपाना बंदरावर चालून गेला. शकुनाच्या पवित्र कोंबड्या दाणे टिपेनात. खात नसतील तर पाणी पिऊ द्या म्हणत त्याने त्या समुद्रात फेकल्या, म्हणून हरला, असे सांगतात. पण लढाईचे सविस्तर वर्णन करणारा पॉलिबियस कोंबड्यांचे नावही काढत नाही. कार्थेजच्या अधर्बलने रोमन जहाजे किनाऱ्याकडे दाबली, ९३ पकडली, एवढेच तो सांगतो. कोंबड्या भेटतात सुमारे दोनशे वर्षांनी, सिसेरोच्या लेखनात. तो स्वतः शकुन पाहणाऱ्यांच्या मंडळातला. आणि पिंजऱ्यातली उपाशी कोंबडी दाणे टिपणारच, हेही त्यानेच लिहून ठेवले!

बरे, ज्याने शकुन पाळला त्याचे काय? इ. स. पूर्व ४१३, सिराक्यूज. माघारीची तयारी झाली होती, तोच चंद्रग्रहण लागले. ज्योतिषांचे ऐकून अथेन्सचा निकियास २७ दिवस थांबायला निघाला. शत्रूने बंदराचे तोंड बंद केले. पुढे फिलोकोरस म्हणाला, पळणाऱ्याला अंधार शुभच होता. म्हणजे न पाळणारा हरला तर देव कोपले, पाळणारा हरला तर अर्थ चुकला. शकुन कधीच खोटा नाही.

जाहिलियत म्हणून हसू नका. ताबीज लागू पडले नाही तर आपण दोष कुणाला देतो? बांधून घेणाऱ्याच्या इमानाला.

निकियास मारला गेला. किमान ७,००० कैदी दगडाच्या खाणींत, माणशी रोज जेमतेम पाव लिटर पाण्यावर. अथेन्सकर ज्योतिषांवर चिडले खरे, सैन्य बुडाल्यावर.