मँगनीजचे सात इलेक्ट्रॉन आणि एक खोटा नियम

'सर्वांत बाहेरच्या कवचातले ते संयुजा इलेक्ट्रॉन, बाकीचे सगळे गाभ्यातले.' सोडियम आणि क्लोरीनपुरतं हे वाक्य खरं आहे. तेच वाक्य डी-खंडाच्या तासाला जसंच्या तसं घोकून घेणं म्हणजे मुलांना धडधडीत खोटं शिकवणं आहे, हे मी भीडभाड न ठेवता सांगतो.

मँगनीज घ्या. बाहेरच्या ४एसमध्ये इलेक्ट्रॉन दोनच. मग विहिरीत टाकतात त्या पोटॅशियम परमँगनेटमध्ये त्याचा ऑक्सिडीकरण अंक अधिक सात कसा? आतल्या ३डीमधले पाचही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनशी बंध करण्यात उतरतात म्हणून. आयनीभवन ऊर्जेचे आकडे पाहा: सातवा इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ११९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आठव्याला एकदम १९४. गाभ्याची भिंत तिथे आहे. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येने ती पाच इलेक्ट्रॉन अलीकडेच बांधून टाकली.

आणि ही भिंत प्रत्येक धातूत एकाच जागी नसते. जस्ताचं ३डी दहा इलेक्ट्रॉनांनी भरलेलं. ते दहा जागचे हलत नाहीत, जस्त अधिक दोनवर थांबतं. शेजारच्या तांब्यातही ३डी पूर्ण भरलेलं, पण मोरचुदात त्यातला एक गेलेला असतो, आणि मोरचुदाचा निळा रंग त्या मोकळ्या जागेमुळेच आहे. एकाच उपकवचातले तेच दहा इलेक्ट्रॉन, एका घरात गाभा, दुसऱ्यात नाही! हे बारावीच्या मुलाला सांगायला कसली अडचण आहे?

'मुलांचा गोंधळ होईल' ही सबब मला संतापजनक वाटते. गोंधळ आत्ता होतो. '४एस आधी भरतं, म्हणून त्याची ऊर्जा कमी' असं शिकलेला मुलगा लोहाच्या अधिक तीन आयनात ४एसमधले दोन तसेच ठेवतो आणि ३डीतले तीन उडवतो. चूक त्याची नाही. स्कँडियमच्या अधिक दोन आयनात उरलेला एकुलता एक इलेक्ट्रॉन ३डीमध्ये असतो, ४एसमध्ये नाही. वर्णपटाने हे सिद्ध केलेलं आहे, तरी वर्गात त्याचा उच्चार होत नाही.

संगणकावर टायटॅनियमचं काटेकोर गणित मांडणारे तर ३एस आणि ३पीसुद्धा संयुजेबरोबर हिशेबात धरतात, कारण केंद्रकापासून त्यांचा पसारा जवळजवळ ३डीएवढाच असतो. संशोधक भिंत गरजेनुसार सरकवतात आणि आम्ही ती सिमेंटची म्हणून शिकवतो.

मँगनीजच्या आठ आयनीभवन ऊर्जा फळ्यावर लिहायला पाच मिनिटं पुरतात. त्या लिहा, आणि गाभा कुठे सुरू होतो ते मुलांनाच शोधू द्या.