आठशे मीटर आणि बत्तीस वर्षांची बंदी

महिलांच्या मध्यम पल्ल्याच्या शर्यतींचा इतिहास सांगताना १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमधील ८०० मीटरची अंतिम शर्यत हमखास निघते, आणि तिच्यासोबत एक आख्यायिकाही. धावपटू वाटेतच गळाल्या, उरलेल्या अंतिम रेषेपाशी कोसळल्या, तो प्रकार पाहवेना म्हणून ही शर्यत बंद करावी लागली, असे ती सांगते. या आख्यायिकेचा आधार घेऊन महिलांना ८०० मीटर धावण्यापासून १९६० पर्यंत ऑलिंपिकबाहेर ठेवण्यात आले.

आख्यायिका खोटी आहे. २ ऑगस्ट १९२८ रोजी अंतिम शर्यतीत नऊ धावपटू उतरल्या आणि नऊही जणींनी ती पूर्ण केली. जर्मनीची लिना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिली आली. जपानची किनुए हितोमी २:१७.६ वेळेत दुसरी आणि स्वीडनची इंगा गेंट्सेल २:१७.८ वेळेत तिसरी आली. त्या वेळचा विश्वविक्रम २:१९.६ होता आणि तोही राडकेचाच. म्हणजे एकाच शर्यतीत तिघींनी विश्वविक्रमाहून सरस वेळ दिली. अमेरिकेचे क्रीडालेखक जॉन ट्यूनिस यांनी मात्र अकरा दुर्दैवी स्त्रिया धावल्याचे लिहिले. त्यांपैकी पाच वाटेत बाहेर पडल्या आणि पाच रेषा ओलांडून कोसळल्या, असा त्यांचा हिशेब होता. शर्यतीत नसलेल्या दोघींना ज्या वर्णनाने ट्रॅकवर आणले, त्याच्या बाकीच्या तपशिलावर विश्वास का ठेवावा? त्या शर्यतीच्या उपलब्ध चित्रफितीत एक धावपटू रेषेवर पडते आणि लगेच उठते, एवढेच दिसते.

काही जणी शर्यतीनंतर दमून गवतावर बसल्या किंवा आडव्या झाल्या, हे मान्य करायला हरकत नाही. ८०० मीटर ही शर्यतच तशी आहे. धावपटूचा वेग इतका असतो की श्वासातून मिळणारा प्राणवायू पुरत नाही. स्नायू उरलेली ऊर्जा प्राणवायूवाचून मिळवतात, त्यातून रक्तातील आम्लता वाढते आणि शेवटच्या शंभर-दीडशे मीटरांत पाय जड होतात. सर्वस्व ओतून धावलेल्या पुरुषाचेही हेच होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीचा डोरांडो पिएत्री मॅरेथॉनच्या शेवटी स्टेडियममध्ये वारंवार पडला, तेव्हा लोकांनी त्याला वीर ठरवले. १९१२ मध्ये स्टॉकहोमच्या मॅरेथॉनमध्ये कोसळलेला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो तर दगावला. तरीही पुरुषांची मॅरेथॉन रद्द झाली नाही, आणि ती रद्द न करणे योग्यच होते. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये कोणाचा जीव गेला नाही, कोणी शर्यत अर्धवट सोडली नाही. एकच थकवा पुरुषाच्या बाबतीत शौर्य ठरला आणि स्त्रीच्या बाबतीत अपात्रतेचा पुरावा.

बंदीच्या समर्थकांचा आणखी एक युक्तिवाद होता आणि तो वरवर पाहता सौम्य वाटतो. या स्त्रियांना इतक्या अंतराचा सराव नव्हता, म्हणून त्यांच्याच भल्यासाठी शर्यत थांबवली, असे तो सांगतो. यातला पहिला भाग काही जणींबाबत खरा आहे. हितोमी मुळात लांब उडी आणि वेगवान शर्यतींतली. १०० मीटरच्या उपांत्य फेरीत बाद झाल्यावर ती या शर्यतीत उतरली, आणि ८०० मीटर तिने यापूर्वी स्पर्धेत कधी धावलेच नव्हते. कॅनडाची फॅनी रोझेनफेल्ड १०० मीटरची रौप्यपदक विजेती. तीही इथे पाचवी आली. पण सराव नसताना एक जण दुसरी येते आणि जुन्या विश्वविक्रमाहून सरस धावते, यातून क्षमतेचा अभाव कसा सिद्ध होतो? सराव कमी असेल तर तो वाढवणे हा उपाय होता. शर्यतच काढून घेतल्यावर सरावाचे कारणही गेले. अधिकृत यादीत राडकेचा विक्रम १९४४ पर्यंत टिकलेला दिसतो. स्त्रिया या अंतरात पुढे गेल्या नाहीत, असे म्हणायला बंदीनेच जागा करून दिली.

स्त्रिया तोवर लांब धावल्याच नव्हत्या, हेही खरे नाही. फ्रान्सच्या आलिस मिलिया यांच्या पुढाकाराने १९२२ मध्ये पॅरिसला झालेल्या महिलांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत १००० मीटरची शर्यत होती. म्हणजे अ‍ॅम्स्टरडॅमच्या सहा वर्षे आधी स्त्रिया ८०० हून अधिक अंतर धावत होत्या. हा अनुभव निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

१९६० मध्ये रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरची शर्यत परतली आणि सोव्हिएत संघाच्या ल्यूदमिला शेवत्सोवाने ती २:०४.३ मध्ये जिंकली. त्या अंतिम शर्यतीत ऑस्ट्रेलियाची डिक्सी विलिस आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात अडखळली आणि बाहेर पडली. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये जे घडले नव्हते ते इथे खरोखर घडले, पण शर्यत रद्द झाली नाही. दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याच विलिसने २:०१.२ असा विश्वविक्रम केला. एखादीचा एक दिवस वाईट जाणे आणि स्त्रीजातीची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट दाखला नको.

त्यानंतर संधी मिळत गेली तशी कामगिरी होत गेली. १५०० मीटर महिलांसाठी १९७२ मध्ये म्युनिकला सुरू झाली. तिथे ल्यूदमिला ब्रागिनाने प्राथमिक, उपांत्य आणि अंतिम अशा तिन्ही फेऱ्यांत विश्वविक्रम केला, शेवटचा ४:०१.४. एक शर्यत स्त्रीला झेपत नाही म्हणणाऱ्यांना काही दिवसांतल्या तीन शर्यतींचे हे उत्तर होते. १९८३ मध्ये हेलसिंकीला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, तेव्हा अमेरिकेच्या मेरी डेकरने १५०० आणि ३००० ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली. धावण्याने मातृत्वाला बाध येतो, हाही जुना आक्षेप होता. केनियाची फेथ किपयेगॉन २०१८ मध्ये आई झाली. त्यानंतर तिने टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० चे सुवर्ण राखले, २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत १५०० आणि ५००० दोन्ही जिंकल्या आणि जुलै २०२५ मध्ये १५०० चा विश्वविक्रम ३:४८.६८ वर नेला.

तरीही नकाराची सवय लवकर सुटली नाही. पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेस १९२० पासून ऑलिंपिकमध्ये आहे. महिलांना ती जागतिक स्पर्धेत २००५ मध्ये आणि ऑलिंपिकमध्ये २००८ मध्ये मिळाली. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबरने २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत याच शर्यतीत आठवा क्रमांक मिळवला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. तिच्याआधीच्या पिढ्यांतील मराठी मुलींना ऑलिंपिकमध्ये ही शर्यतच नव्हती.