बंदिवानाच्या प्राणाचा जामीन कोण?

तुरुंगांत कोणी जीव दिला, म्हणजे "मनानें खचला होता" एवढें बोलून अधिकारी मोकळे होतात आणि सुशिक्षित वाचकही वर्तमानपत्राचें पान उलटतो. जणू काय मन खचणें हा त्या मृताचाच शेवटचा अपराध! या समजुतीवरच आमचा आक्षेप आहे.

बाहेरचा माणूस दुःखी झाला तर मित्राकडे जाऊं शकतो, वैद्य गांठूं शकतो, निदान देवळांत जाऊन बसूं शकतो. बंदिवानाचे हे सारे मार्ग सरकारनें कुलुपांत घातलेले असतात. ज्यानें मार्ग अडविले, त्याच्यावरच रक्षणाचा भार येतो, हें कळावयास कायद्याचें अध्ययन लागत नाहीं.

2017 ते 2021 या पांच वर्षांत भारतांतील तुरुंगांत 817 अनैसर्गिक मृत्यु नोंदले गेले. त्यांपैकीं 660 आत्महत्या होत्या. सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या न्यायमूर्ति अमिताव रॉय समितीनें हें निदर्शनास आणलें. शिवाय 2022 च्या अखेरीस दर 100 बंद्यांत सुमारें 76 कच्चे कैदी होते; म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप शाबीत झालेला नाहीं असे!

आत्महत्येस वाव न देणाऱ्या कोठड्या बांधाव्या, असें समितीनें सुचविलें. सूचना योग्यच, परंतु भिंती बदलल्या कीं कर्तव्य संपलें, असें मानणें घातक होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या पुस्तिकेचा रोख स्पष्ट आहे: अटकेनंतरचे पहिले तास व दिवस फार धोक्याचे, आंत येतांच प्रत्येकाची विचारपूस व्हावी, आणि ज्याच्याविषयीं शंका वाटेल त्याला एकटें टाकूं नये. खचलेल्याला सुरक्षिततेच्या नांवाखालीं एकांतांत कोंडणें म्हणजे तापकऱ्याला उन्हांत निजविणें!

"एवढीं माणसें आणावयाचीं कोठून?" असा प्रश्न येईल. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानें 2023 सालीं याचें उत्तर दिलेलें आहे: रिकाम्या जागा भरा, आणि निवडक बंद्यांनाच सोबत्यांचीं धोक्याचीं लक्षणें ओळखावयास शिकवा. यास द्रव्यापेक्षां इच्छाच अधिक लागते. उणीव आहे ती तिचीच.

न्यायाधीश कैद सांगतो ती स्वातंत्र्य हिरावण्यासाठीं, प्राण हिरावण्यासाठीं नव्हे. म्हणून अशा प्रत्येक मृत्यूनंतर "तो कां खचला?" एवढेंच विचारून थांबूं नका, "पहिल्या रात्रीं त्याच्याशीं कोण बोललें?" हेंही विचारा. उत्तर मिळालें नाहीं, तर अपराधी कोण याचा निवाडा वाचकांनींच करावा.