साठ वर्षं झाली, तरी पत्ता 'कॅम्प'च: चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बंगाली घरांचा प्रश्न नेमका काय आहे?

चंद्रपुरात ऑटोवाल्याला नुसतं 'बंगाली कॅम्प' म्हणा, तो पुढचा पत्ता विचारत नाही. शहराच्या रोजच्या बोलण्यात हे नाव इतकं मुरलंय की 'कॅम्प' म्हणजे तात्पुरता मुक्काम, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. हा तात्पुरता मुक्काम १९६० च्या दशकापासून चालू आहे.

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांकडे गेलात तर नकाशावर विवेकानंदपूर, सुंदरनगर अशी नावं दिसतात. आजूबाजूच्या गोंडी-मराठी गावांच्या नावांत ती वेगळी उठून दिसतात, कारण ही गावं हळूहळू वसली नाहीत. ती सरकारने वसवली.

गेल्या वर्षी या गावांची आठवण होण्याचं कारण वेगळं होतं. २०२५ मध्ये महाराष्ट्र, ओडिशा, हरियाणासह अनेक राज्यांत बांगलादेशी घुसखोरांच्या शोधमोहिमा झाल्या. त्यात बंगाली बोलतो म्हणून पश्चिम बंगालच्या मजुरांनाही पकडल्याच्या तक्रारी आल्या, काहींना तर सीमेपलीकडे पाठवून नंतर परत आणावं लागलं. तेव्हा रील्सच्या कमेंटमध्ये 'आमच्या गडचिरोलीतही आहेत की हे' असं लिहिणारे बरेच होते. म्हणून आधी एवढं समजून घेऊ, की 'हे' इथे आले कसे.

जंगलात बंगाली आले कुठून?

फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून हिंदू कुटुंबं एकदम आली नाहीत, लाटांनी आली. १९५० च्या दंगलींनंतर एक मोठी लाट आली, १९६४ च्या दंगलींनंतर दुसरी. सुरुवातीला आलेले बरेचसे सुशिक्षित, ओळखीपाळखीचे लोक कोलकात्यात सामावले गेले. मागून आले ते प्रामुख्याने शेतकरी, मच्छीमार, सुतार. त्यांतले बहुसंख्य नमःशूद्र, म्हणजे बंगालमध्ये अस्पृश्य मानली गेलेली जात. यांच्यासाठी पश्चिम बंगालमध्ये जागा नाही, असं सांगण्यात आलं.

मग केंद्र सरकारने १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प उभा केला. ओडिशातलं कोरापूट आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातलं बस्तर इथे जंगल साफ करून वसाहती बांधायच्या, अशी ती योजना. शेजारच्या चांदा जिल्ह्यातही, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत, निर्वासितांना आणून वसवलं गेलं. (गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला.) गावांना नाव द्यायलाही वेळ नव्हता म्हणा किंवा इच्छा नव्हती म्हणा, छत्तीसगडच्या पखांजूर भागात आणि ओडिशाच्या मलकानगिरीत अनेक बंगाली गावं आजही 'पीव्ही' आणि 'एमव्ही' अशा अक्षरांपुढे आकडा लावून ओळखली जातात. 'पीव्ही' म्हणजे परलकोट व्हिलेज, 'एमव्ही' म्हणजे मलकानगिरी व्हिलेज. आपल्याकडे निदान विवेकानंद तरी मिळाले.

थोडक्यात, हे लोक रात्रीत कुंपण ओलांडून गडचिरोलीत शिरलेले नाहीत. कुठे राहायचं हे त्यांनी ठरवलंच नव्हतं, ते ठरवलं भारत सरकारने.

ताटात काय, जिभेवर काय

नद्या-खाड्यांच्या सपाट मुलखातून आलेल्या माणसाला सागवानाच्या जंगलात सोडलं तर तो काय करेल? तळी शोधेल. सुदैवाने झाडीपट्टीत तळ्यांची कमी नाही. गोंडकाळापासूनचे मालगुजारी तलाव, ज्यांना इथे मामा तलाव म्हणतात, पूर्व विदर्भभर पसरले आहेत. इथला मूळ माणूसही भातच खातो आणि वैनगंगेकाठचा धीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला 'विदर्भ' म्हटलं की ज्वारीची भाकरी आणि तिखट रस्सा आठवतो, पण या दोन जिल्ह्यांचं ताट बंगालच्या ताटाला बरंच जवळचं आहे. फरक फोडणीत. इथे जुन्या घरांत जवसाचं तेल, तिकडे मोहरीचं.

नाटकाचंही तसंच. झाडीपट्टी रंगभूमीचे प्रयोग दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर चालतात. बंगालच्या जात्राही उघड्यावर रात्र जागवणाऱ्या. दिवाळीच्या रात्री शेजारी लक्ष्मीपूजन करतात तेव्हा बंगाली वस्तीत कालीपूजा असते. बंगाली नववर्ष, पोयला बोइशाख, येतं १४-१५ एप्रिलला, म्हणजे विदर्भात निळे झेंडे आणि भीमगीतांचा जोर असतो त्याच दिवसांत.

भाषेची गंमत जास्त आहे. घरात बंगाली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, आणि पलीकडच्या टोल्यावर गोंडी किंवा माडिया. मुलचेऱ्याच्या मुलाला चार भाषा कानावर घेऊनच मोठं व्हावं लागतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा त्याच निर्णयात बंगालीलाही दिला होता. आपण पेढे वाटण्याच्या गडबडीत ते वाचलंच नाही. या चारांतली गोंडी मात्र लाखो लोक बोलत असूनही आठव्या अनुसूचीत नाही. म्हणजे गडचिरोलीत बाहेरून आलेल्यांच्या भाषेला जो मान आहे, तो मूळ रहिवाशांच्या भाषेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि नावं. बंगालीत 'व' आणि 'ब' यांचा उच्चार वेगळा होत नाही. त्यामुळे एकच आडनाव मराठी कागदावर बिश्वास, बिस्वास आणि विश्वास अशा तीन रूपांत उतरू शकतं. मंडलचं मोंडल होतं, इंग्रजीत आणखी तिसरंच. सरकार आडनावाच्या माणसाने सरकारी कचेरीत नाव सांगितल्यावर होणारे विनोद वेगळेच. पण रेशनकार्डावर एक आडनाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरं, हे कागद जुळवायची वेळ येते तेव्हा त्यात विनोद उरत नाही.

म्हणजे हे भारतीय नागरिक आहेत की नाहीत?

बहुतेक जण जन्मानेच आहेत, आणि हे सांगायला सीएएची गरज नाही. १९५५ चा नागरिकत्व कायदा सांगतो: २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जो भारतात जन्मला तो भारतीय, आईवडील कोणत्याही देशाचे असोत. साठच्या दशकात वसलेल्या घरांतली इथे जन्मलेली पहिली अख्खी पिढी यात बसते. १ जुलै १९८७ नंतर आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय असावं लागतं. डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाला, दोघं भारतीय असावेत किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. साठ साली आलेल्यांची नातवंडं-पतवंडं या पायऱ्यांनीच नागरिक ठरतात.

प्रश्न उरतो तो तिकडे जन्मून लहानपणी आलेल्या, आज सत्तरी-ऐंशीत असलेल्यांचा आणि मागून आलेल्यांचा. नोंदणी झाली होती का, तो कागद पुराच्या, वाळवीच्या, तीन वेळा बदललेल्या छपराखाली टिकला का, यावर सगळं अडतं. डिसेंबर २०१९ चा सीएए आणि ११ मार्च २०२४ चे त्याचे नियम यांच्यासाठी दार उघडतात. बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू अर्ज करू शकतात. मात्र अर्ज करायचा म्हणजे 'मी परदेशी आहे' असं आधी स्वतःच लिहून द्यायचं. पन्नास वर्षं मतदान केलेल्या माणसाला ही ओळ लिहिताना काय वाटत असेल, याची कल्पना करा.

एक गोष्ट व्हॉट्सअॅपवर हमखास चुकीची फिरते: 'गडचिरोली आदिवासी क्षेत्र आहे, तिथे सीएए लागू नाही.' कायद्यातली सूट सहाव्या अनुसूचीतल्या आसाम, मेघालय, मिझोराम, त्रिपुरातल्या आदिवासी भागांना आणि इनर लाइन परमिटच्या प्रदेशाला आहे. गडचिरोलीतली अनुसूचित गावं पाचव्या अनुसूचीत येतात. तिथे ही सूट नाही.

खरा अडथळा: जात

नागरिकत्वापेक्षा रोजच्या जगण्यात जास्त टोचणारा प्रश्न जातीच्या दाखल्याचा आहे, आणि तो मराठी माध्यमांत फारच कमी येतो.

नमःशूद्र ही जात पश्चिम बंगाल, आसाम, त्रिपुरा आणि ओडिशात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्रात नाही. छत्तीसगडमध्येही नाही. घटनेच्या कलम ३४१ नुसार ही यादी राज्यनिहाय असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव निकालात आणि पुन्हा २०१८ च्या बीर सिंग निकालात स्पष्ट केलं की एका राज्यातली अनुसूचित जातीची ओळख दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही.

नियम म्हणून यात तर्क आहे. अस्पृश्यता जागेशी बांधलेली असते, नोकरीसाठी स्वतःहून दुसऱ्या राज्यात गेलेल्याने तिथल्या दलितांच्या जागा घेऊ नयेत, हे पटण्यासारखं आहे. पण हा तर्क स्वतःहून गेलेल्यासाठी आहे. निर्वासितांच्या छावणीतून एक कुटुंब मलकानगिरीला आणि दुसरं चामोर्शीला सरकारनेच पाठवलं. पहिल्याचा नातू आज ओडिशात अनुसूचित जातीच्या जागेवर इंजिनीअरिंगला प्रवेश घेऊ शकतो. दुसऱ्याचा नातू खुल्या प्रवर्गात. दोघांचे आजोबा कदाचित एकाच गावचे असतील. आजोबा कोणत्या ट्रकमध्ये बसले, यावर नातवाचा प्रवर्ग ठरला.

आणि हे कोणत्या राज्यात घडतंय, ते बघा. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर पहिल्यांदा निवडून गेले ते मुंबई प्रांतातून नव्हे, बंगालमधून. ती निवड जुळवून आणण्यात पुढाकार होता जोगेंद्रनाथ मंडल यांचा. ते बारिसालचे, नमःशूद्र. पुढे मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि तिथल्या हिंदू दलितांवरच्या अत्याचारांमुळे १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा दिली ते चंद्रपूर आणि हा बंगाली कॅम्प एकाच शहरात आहेत. ज्या समाजाच्या नेत्याने बाबासाहेबांना संविधान सभेत पोचवलं, त्या समाजाला बाबासाहेबांच्या राज्यात दलित म्हणून दाखला मिळत नाही.

यादीत नाव घालायचं तर राज्याने प्रस्ताव पाठवायचा, भारताचे महानिबंधक आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग या दोघांची संमती लागते, मग मंत्रिमंडळ, मग संसदेत विधेयक. न्यायालयाकडून यादीत एक शब्दही बदलून मिळत नाही. विदर्भाला हे हलबा-कोष्टी प्रकरणातल्या २००० सालच्या निकालापासून चांगलं माहीत आहे.

आदिवासींची बाजू

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की प्रश्न सरळ आहे. तसं नाही. ज्या जंगलात या वसाहती उभ्या राहिल्या, तिथे गोंड आणि माडिया आधीपासून होते. त्यांना कुणी विचारलं नाही. पेसा कायदा १९९६ चा, वन हक्क कायदा २००६ चा. साठच्या दशकात ग्रामसभेची संमती वगैरे शब्दच नव्हते. त्यात गोंडीची अवस्था वर पाहिलीच. 'बाहेरच्यांना पट्टे आणि आम्ही अतिक्रमणदार' हा राग बिनबुडाचा नाही, आणि बंगाली निर्वासितांची बाजू मांडणारे बरेच लेख तो गाळून टाकतात.

नंतरच्या कायद्यांनी हा तोल आदिवासींकडे झुकवायचा प्रयत्न केला. वन हक्क कायद्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, इतरांना मात्र त्याआधीचं तीन पिढ्यांचं म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य. साठच्या दशकात आलेला माणूस या मोजपट्टीत बसूच शकत नाही. जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांसारखी पदं स्थानिक आदिवासींसाठी राखून ठेवली. मला हे दोन्ही नियम योग्यच वाटतात. पण त्यांचा परिणाम असा, की बंगाली मुलाला गावातली नोकरी मिळत नाही कारण तो आदिवासी नाही, आणि गावाबाहेरची राखीव जागा मिळत नाही कारण तो कागदावर दलित नाही.

अनुसूचित जातीच्या यादीत नमःशूद्रांचं नाव आलं तर आदिवासींच्या आरक्षणातली एकही जागा कमी होत नाही, कारण दोन्ही कोटे वेगळे आहेत. वाटेकरी वाढेल तो राज्यातल्या अनुसूचित जातींच्या १३ टक्क्यांत. त्यामुळे खरी चर्चा तिथल्या समाजांशी व्हायला हवी.

तोवर रोजचे व्यवहार चालूच आहेत. सोयरिकी आपल्याच माणसांत बघायच्या, तर मुलचेऱ्यापासून पखांजूर फार लांब नाही आणि मलकानगिरीतही आपलीच गावं. ओडिशात अनुसूचित जातीचा दाखला असलेली मुलगी लग्न होऊन गडचिरोलीत आली, तर तिची जात बदलत नाही, पण तिच्या सवलती ओडिशातच राहतात. तिच्या मुलांना वडिलांच्या राज्याचा नियम लागतो, आणि शाळेच्या अर्जावर प्रवर्गासमोर 'खुला' लिहावं लागतं.