भरल्या वाटीपाशी तहानलेला

घरात कुत्र्याचं पिल्लू येवो की मांजराचं, पहिलं काम ठरलेलं असतं. कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवायची. पोपटाच्या पिंजऱ्यातही आधी वाटीच अडकवली जाते. पण शॅमेलिऑन जातीचा सरडा पाळणाऱ्या घरांत हीच सवय त्या मुक्या जिवाच्या मुळावर येते. वाटी काठोकाठ भरलेली, पाणी रोज न चुकता बदललेलं आणि वाटीपासून हातभर अंतरावर फांदी धरून बसलेला प्राणी मात्र दिवसेंदिवस वाळत चाललेला! घरच्यांना वाटतं, पाणी समोर आहे, तहान लागली की पिईल. तो पीत नाही. भांड्यात साचलेलं स्थिर पाणी हे पाणी आहे, हे बहुतेकदा त्याच्या ध्यानातच येत नाही.

याचं कारण त्याच्या माहेरी सापडतं. अमेरिका-युरोपातल्या घरांत सर्रास पाळला जाणारा ‘व्हेल्ड शॅमेलिऑन’ मूळचा येमेनचा आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्येकडच्या डोंगराळ भागाचा. डोक्यावर उंच तुरा, दोन दिशांना वेगवेगळे फिरणारे डोळे आणि भिंगरीसारखी गुंडाळलेली शेपटी. त्या डोंगरात दिवसा कोरडं ऊन असलं, तरी रात्री धुकं उतरतं आणि पहाटे पानापानावर दव साचतं. झाडावरून क्वचितच खाली येणाऱ्या या प्राण्याला तळं-डबकं ठाऊक नाही. पानावरून ओघळणारा, उन्हात चमकणारा थेंब हेच त्याचं पाणी. मादागास्करहून आलेला रंगीबेरंगी ‘पँथर शॅमेलिऑन’ही असाच थेंब चाटून पितो. पेत्र नेचस या चेक अभ्यासकाने तर असं मांडलं आहे की रात्रीच्या धुक्यातली हवा श्वासावाटे घेऊनही हे प्राणी ओलावा मिळवतात. त्यामुळे आता पुष्कळ पाळणारे रात्री धुकं सोडणारं यंत्र लावतात. ते चांगलंच, पण खोली रात्री गार असेल आणि हवा खेळती असेल तरच. उबदार, कोंडलेली ओल म्हणजे फुफ्फुसाच्या आजाराला आमंत्रण.

तहान वाढली आहे हे ओळखायचं कसं? हा प्राणी ओरडत नाही, वाटी ढकलत नाही. उलट आजार लपवणं हा त्याचा स्वभावच. रानात अशक्त दिसणारा आधी शिकार होतो. सर्वांत खात्रीची खूण त्याच्या विष्ठेत मिळते. आपल्या घरातल्या पालीची विष्ठा सगळ्यांनी पाहिली आहे. काळपट भागाच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. तो पांढरा भाग म्हणजे या प्राण्यांची लघवीच. शॅमेलिऑनचंही तसंच. हा भाग पांढरा असला तर ठीक. पिवळट होऊ लागला, त्याहून नारिंगी आणि खडखडीत झाला, तर शरीरात पाणी कमी आहे असं समजावं. दुसरी खूण डोळ्यांची. एरवी बुरुजासारखे बाहेर आलेले डोळे खोल गेलेले दिसतात. कातडी सैल पडते, तोंडातली लाळ दाट, चिकट होते. आणि दिवसाउजेडी तो डोळे मिटून बसू लागला, तर मात्र उद्यावर ढकलायचं नाही. निरोगी शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. ‘आज जरा सुस्त आहे’ म्हणून वाट पाहणाऱ्या मालकांना ही एकच गोष्ट माहीत असती, तरी कितीतरी प्राणी वाचले असते.

आजारी शॅमेलिऑनला पाणी देण्याआधी ऊब द्यावी लागते, हे बऱ्याच जणांना उलटं वाटेल. पण सरपटणाऱ्या प्राण्याचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. अंग गार असेल तर पोटात गेलेलं पाणी नि अन्न नीट पचनी पडत नाही. म्हणून दिव्याखालची एखादी फांदी सुमारे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उबदार हवी, आणि त्याला हवं तेव्हा सरकता येईल असा गार कोपराही हवा. (तापलेल्या दिव्यावर पाण्याचा फवारा मारू नका, काच तडकते.)

मग पाणी. जाळीच्या पिंजऱ्यात जास्वंदीसारखं कीटकनाशक न मारलेलं झाड ठेवा. जास्वंद अशासाठी की व्हेल्ड शॅमेलिऑन पानंही कुरतडतो. फवाऱ्याच्या बाटलीत कोमट पाणी भरून पानांवर बारीक तुषार सोडा. इथे एक चूक हमखास होते. दोन-चार फवारे मारले, तो पीत नाही असं दिसलं की बाटली खाली. खरं तर पहिली पाच-सात मिनिटं हा स्वारी नुसती डोळे फिरवत बसते. मग हळूच जीभ बाहेर येते. तेवढा धीर नसेल तर सलाइनची नवी कोरी नळी पाण्याच्या बाटलीला जोडून पिंजऱ्यावर टांगावी आणि चाक असं फिरवावं की दोन-तीन सेकंदांना एक थेंब पानावर टपकत राहील. खाली भांडं ठेवलं की झालं. दिवसभर थेंब चालू, माणूस आपल्या कामाला मोकळा.

फार सुकलेल्या प्राण्यासाठी न्हाणीघराचा उपाय आहे. झाडाची कुंडी न्हाणीघरात ठेवून शॅमेलिऑनला त्यावर बसवायचं आणि शॉवरची धार समोरच्या भिंतीवर सोडायची. भिंतीवरून उडालेले बारीक तुषारच तेवढे झाडावर पडले पाहिजेत, धार थेट अंगावर नको. पाणी कोमट. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. मोरीचं भोक झाका आणि तेवढा वेळ तिथेच थांबा. फोन वाजला म्हणून बाहेर जाणं नको. नंतर झाड आणि प्राणी दोन्ही सुकू द्या. टबात मात्र त्याला बसवू नका. कातडीतून पाणी मुरतं ही समजूत खरी नाही, आणि झाडावरच्या प्राण्याला पाण्यात उभं करणं म्हणजे त्याला भयाने अर्धमेलं करणं.

ड्रॉपरने तोंडात पाणी घालण्याचा मोह सर्वांत घातक. या प्राण्याची श्वासनलिका जिभेच्या अगदी मागेच उघडते. तोंड उघडून जोराने सोडलेलं पाणी पोटाऐवजी सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. द्यायचंच तर ओठांच्या कडेला एक थेंब ठेवावा. त्याने तो चाटला तर पुढचा. त्याने तोंड फिरवलं की थांबावं. मुळात त्याची गरज किती असते? सरपटणाऱ्या प्राण्यांना द्रव देताना पशुवैद्य सर्वसाधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला १० ते ३० मिलिलिटरचा हिशेब धरतात. १२० ग्रॅमच्या शॅमेलिऑनला तो सव्वा ते साडेतीन मिलिलिटर इतकाच होतो. चहाच्या एका चमच्यात ५ मिलिलिटर मावतात! साखरपाणी, ग्लुकोजची पूड, खेळाडूंची पेयं यांतलं काहीही आपल्या मनाने देऊ नये. पिंजऱ्यात खळाळणारं शोभेचं कारंजंही नको, तेच तेच पाणी फिरून त्यात जंतू वाढतात.

खात असेल तर खाण्यातूनही पाणी जातं. रेशीमकिड्याच्या अळीत ८० टक्क्यांहून अधिक पाणी असतं, रातकिड्यात सुमारे ७० टक्के. रातकिडे देण्यापूर्वी दिवसभर त्यांना गाजर, भोपळा, हिरवा पाला खाऊ घातला की तो रसही सरड्याच्या पोटात पोचतो. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा इथे कामी येतो. रोज एका वेळी वजन करून वहीत लिहिलं की प्रकृतीचा कल डोळ्यांना कळण्याआधी आकड्यांना कळतो.

इतकं करूनही दोन दिवसांत फरक नाही, विष्ठा नारिंगीच आहे, किंवा तोंड उघडं ठेवून श्वास चालला आहे, तर घरगुती उपाय बंद. डोळे दिवसा मिटलेले असतील तर दोन दिवसही नाहीत. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य गाठावा. तो कातडीखाली द्रव टोचू शकतो, रक्त तपासू शकतो. कारण तहान हा पुष्कळदा आजार नसतो, आजाराची सावली असते. फार दिवस पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं बिघडतात, आणि मूत्रपिंडं बिघडली की प्राणी आणखी सुकतो. मादीच्या पोटात अंडी अडकलेली असू शकतात. नराचा सहवास नसतानाही ती अंडी घालते, हे कित्येक मालकांना ठाऊकच नसतं.

आता आपल्याकडचं. भारतात विदेशी शॅमेलिऑन घरी असेल तर २०२२ मध्ये दुरुस्त झालेल्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची सरकारी ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नोंदणी नाही म्हणून डॉक्टरकडे न्यायला घाबरणारे लोक आहेत. त्या भीतीची किंमत प्राणी मोजतो. आणि आपला देशी शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा, पाळणं तर गुन्हाच आहे. विषारी समजून खेड्यापाड्यांत त्याला दगड मारतात. वास्तविक तो मुळीच विषारी नाही. उन्हाळ्यात कुंपणाच्या झुडपावर असा एखादा मलूल घोयरा दिसला तर त्याला घरात आणू नका, तोंडात पाणी ओतू नका. मांजर-कुत्र्याला दूर ठेवा, शेजारच्या पानांवर थोडे तुषार उडवा आणि वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे.