श्वास मोजा

‘छातीत पॅच आहे, न्यूमोनिया आहे,’ असं म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. मग घर सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधलं बैठं असो नाहीतर टॉवरमधलं. घरात दोघंच, दोघंही नोकरीला, बाळ दिवसभर पाळणाघरात आणि आजी चिपळूणला किंवा साताऱ्याला. संध्याकाळी फोन येतो. पहिला प्रश्न, ‘एसी लावला होता का?’ दुसरा, ‘केळं कुणी दिलं?’ उत्तर द्यायचं ते आईनं. लेकराच्या आजारपणाच्या वर हा आरोपही तिनंच सोसायचा.

केळ्यानं न्यूमोनिया होत नाही. तो जंतूंमुळे होतो; कधी जिवाणू, कधी विषाणू. घरातलं काही खरंच टाळायचं असेल तर धूर टाळा. बाळाला न्हाऊमाखू घातल्यावर ओवा, लसणीची सालं निखाऱ्यावर टाकून धुरी द्यायची आपली पद्धत मायेची आहे, पण कोवळ्या फुप्फुसांना ती सोसत नाही. डासांच्या कॉइलचा आणि सिगारेटचा धूर तसाच.

आईबापांची काळजी खोटी नसते, ती चुकीच्या जागी अडकलेली असते. खोकला किती घोगरा झाला याकडे कान असतात, ताप १०१ की १०२ याकडे डोळे असतात. उघड्या छातीकडे एक मिनिट शांतपणे बघणारे फार थोडे. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या मुलात श्वासाचा वेग हीच न्यूमोनियाची मोठी खूण आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त झाले, तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटके येत असतील, उठवूनही उठत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजतही बसू नका. त्याच पावली रुग्णालयात न्या.

हे आकडे वापरायला डॉक्टरच लागतो असं नाही, हे महाराष्ट्रानंच जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८८ साली गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि निरक्षर दायांना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन तयार केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. या चमूनं उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के राहिलं. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या भागात ते १३.५ टक्के होतं. ‘लॅन्सेट’नं हे १९९० साली छापलं.

खेड्यातल्या आशाताईला आज हे शिकवलं जातं. शहरातल्या आईला कुणी शिकवत नाही, कारण तिला डॉक्टर जवळ आहेत असं आपण धरून चालतो. आहेतच. पण रात्री दोन वाजता ‘आत्ता निघू’ की ‘सकाळी बघू’ हे ठरतं ते घरातच, आणि तिथं तिच्या हाती काहीच नसतं. म्हणून कुणी विनाकारण रात्रभर धावतं, तर कुणी मागच्या खेपेची उरलेली अँटिबायोटिक पाजून सकाळची वाट बघतं. दुसरी चूक महागात पडते. आणखी एक सांगायला हवं: पॅच म्हणजे सलाईन आणि अ‍ॅडमिशनच, असं नाही. धोक्याची लक्षणं नसतील तर पुष्कळ मुलं तोंडानं दिलेल्या औषधावर घरीच बरी होतात. फक्त डॉक्टरांनी सांगितलेला डोस शेवटच्या दिवसापर्यंत द्यायचा, दोन दिवसांत पोर खेळायला लागलं तरीही.

शहरातल्या आईला शिकवायची संधी मात्र आहे. न्यूमोनियापासून बचाव करणारी न्यूमोकोकल लस २०२१ पासून महाराष्ट्रातही सरकारी लसीकरणात मोफत मिळते. सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. म्हणजे तीन वेळा आई बाळाला घेऊन समोर येते. नवी मुंबई महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांनी आणि बेलापूरच्या खासगी बालरोगतज्ज्ञांनी या तिन्ही खेपांना पाच मिनिटं राखून ठेवावीत. बाळाच्या छातीकडे आईचं, बापाचं लक्ष वेधावं आणि त्यांच्याकडून श्वास मोजून घ्यावेत. वयाचे तीन आकडे लसीच्या कार्डावर ठळक छापावेत.

तोवर आपणच सुरुवात करू. मूल धडधाकट असतानाच एकदा मोजून ठेवा, म्हणजे त्याचा नेहमीचा श्वास तुमच्या नजरेत बसेल. ते झोपलेलं किंवा शांत असताना मोजा, रडताना नको. झबलं वर करा, घड्याळ समोर धरा आणि पूर्ण एक मिनिट मोजा.