वंशावळ कोणाची, दप्तर कोणाचे?

आखाजीच्या दिवशी खानदेशातील घराघरांत पाण्याने भरलेली घागर पूर्वजांच्या नावाने पुजली जाते. पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवून घरातील कर्ता पुरुष बापाचे, आजाचे, पणजाचे नाव घेतो. जेथे सालदारीची प्रथा अजून टिकून आहे, तेथे त्याच दिवशी, पुष्कळदा त्याच घराच्या ओसरीवर, सालदाराचे जुने साल संपते आणि नव्या सालाची बोली ठरते. मालकाने आपले पूर्वज आठवावेत आणि सालदाराने आपले पुढचे वर्ष विकावे, यासाठी मुहूर्त एकच. सालदार पुष्कळदा भिल्ल असतो. त्याचा पणजा कोण, हे ओसरीवर त्याला कोणी विचारीत नाही. ते विचारले जाते तहसील कचेरीत, त्याची मुलगी परिचारिका अभ्यासक्रमाचा अर्ज घेऊन जाते तेव्हा, आणि तेथे मात्र तोंडी उत्तर चालत नाही.

वंशावळ हा विषय आपल्या चळवळीने आजवर जातिसंमेलनांच्या स्मरणिकांवर सोडून दिला होता. कुळाचा अभिमान हे सरंजामी खूळ आहे, एवढे म्हटले की आपले कर्तव्य संपत असे. त्या अभिमानाबद्दल माझे मत आजही बदललेले नाही. परंतु वंशावळ मुळात अभिमानासाठी लिहिली गेली नाही, मालमत्तेसाठी लिहिली गेली. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण यांचे तंटे उभे राहिले की वतनदाराला पिढ्या सांगाव्या लागत. महजर आणि करीने त्यातून जन्मले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा करीत हिंडले, ती प्रामुख्याने वतनदारांच्या वाड्यांतील होती, कारण कागद तेथेच होता. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. त्या मंडळाचे ऋण कोण नाकारील? पण मोरीबंद जमिनीवर राबणाऱ्याचा आजा त्या रुमालांत सापडेल, तर तो वेठीच्या यादीतच.

कागदाची ही मक्तेदारी वाड्यांपुरती राहिली नाही. लेवा पाटीदार, गुजर, राजपूत या समाजांच्या पिढ्या भाटांच्या वह्यांत उतरल्या. भाट यजमानाच्या घरी येई, वही वाची, नवजात मुलग्याचे नाव चढवी आणि बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या बाडांत यात्रेकरूंची नावे गाववार लागली. ज्याच्यापाशी बिदागी आणि दक्षिणा, त्याच्यापाशी पूर्वज. मुलींची नावे या वह्यांत सहसा नाहीतच. असोद्याच्या महाजनांच्या घरी जन्मलेल्या आणि जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी नांदलेल्या बहिणाबाईंना आज सारा महाराष्ट्र ओळखतो, तो त्यांच्या मुलाने गाणी लिहून घेतली म्हणून. भाटाच्या वहीवर विसंबून राहिलो असतो, तर त्या एका पुरुषाच्या नावामागे लुप्त झाल्या असत्या.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्राचा २००१ चा जातप्रमाणपत्र अधिनियम, क्रमांक २३, हा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागितला जातो. सोबत वंशावळीचे शपथपत्र, आणि तीही पित्याच्या बाजूची. या तारखांमागे तर्क नाही असे नाही. त्यांपैकी पहिल्या दोन तारखांना राष्ट्रपतींचे आदेश निघाले. पण १९५० साली ज्याच्या आजाकडे जमीन नव्हती त्याचे नाव हक्कनोंदणीत येणार कसे? ज्याचा बाप शाळेची पायरी चढला नाही, त्याचा दाखलखारीज उतारा कोण देणार? ज्यांच्या डोक्यावर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची तलवार १९५२ पर्यंत टांगलेली होती, त्या पारध्याने आपली जात आपण होऊन चावडीवर लिहून ठेवली असेल, अशी अपेक्षा करणारा माणूस कचेरीच्या बाहेर कधी पडलेला नसावा.

एक आधार उरतो. गावकामगारांनी ठेवलेली जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक. त्यात भूमिहीनही आहे, कारण जन्माला आणि मरणाला जमीन लागत नाही. मात्र ती नोंद बरेचदा मोडीत आहे आणि ‘सोम्या वल्द बुध्या’ एवढीच. आडनाव पुढे केव्हातरी शाळामास्तराने चिकटविले. सोनवणे, मोरे, पवार ही आडनावे भिल्लांतही आहेत आणि इतर समाजांतही. मग सोम्याचा नातू सोनवणे कसा, हा प्रश्न दक्षता पथक विचारते. याचे उत्तर ज्या मास्तराला देता आले असते, तो निवर्तून चाळीस वर्षे झालेली असतात.

हे असाध्य आहे असे सरकार म्हणेल, तर त्याच सरकारने २०२३ साली काय केले ते पाहावे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचा रेटा आला, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि वर्षानुवर्षे न उघडलेली दप्तरे राज्यभर उघडली. मोडी वाचक शोधून आणले, पाने स्कॅन केली, सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढविल्या. या खटाटोपाला आपला विरोध असण्याचे कारण नाही. गरीब कुणब्याला त्याचा कागद मिळावा. आक्षेप वेगळा आहे. वही एक, पानेही तीच, वाचकही तेच. परंतु शोध फक्त कुणबी या शब्दाचा घेतला गेला. त्याच ओळीच्या वर भिल्ल असेल, खाली पारधी, मांग, टोकरे कोळी असेल. वाचणाऱ्याचे बोट त्यांवरून सरकून गेले. ज्या समाजाच्या मागे संख्या आहे त्याचे पूर्वज सरकार स्वतः शोधते आणि ज्याच्या मागे संख्या नाही त्याने ते स्वतः शोधून आणावेत, असा याचा अर्थ होतो.

येथे आपल्याच आदिवासी साथींचा एक आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. १९७६ च्या दुरुस्तीने क्षेत्रबंधन उठले आणि नामसाधर्म्याचा फायदा घेऊन अनेकांनी आदिवासींच्या जागा बळकावल्या, ही तक्रार खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अशा नोकऱ्यांना संरक्षण नाकारले, तरी राज्य सरकारने २०१९ च्या डिसेंबरात अधिसंख्य पदांची पळवाट काढलीच. पुरावा सैल केला तर बोगस दावेदारांचे फावेल, असे हे साथी म्हणतात. माझे म्हणणे उलट आहे. कागद दडलेला असतो तेव्हाच तो विकला जातो. संपूर्ण नोंदवही गावापुढे खुली असेल, तर खोटी नोंद घुसडणाऱ्याला पहिला हटकणारा त्याचा शेजारीच असेल. टोकरे कोळ्यांचा जळगाव-धुळ्यातील जुना वाद तरी दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिटणार? अर्जदाराला नाचाची, देवकाची, लग्नविधीची परीक्षा घेऊन जमात ठरविण्याची पद्धत निर्णायक कसोटी होऊ शकत नाही, असे तर सर्वोच्च न्यायालयानेच मार्च २०२३ मध्ये सांगितले आहे. शहरात वाढलेल्या तडवी मुलाला आजीची गाणी येत नाहीत, म्हणून तो तडवी उरत नाही काय?

शिवाय याच राज्यात दुसरा एक कायदा आहे, जो माणसाच्या शब्दाला किंमत देतो. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन, जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान आणि पूर्वीच्या नोंदीतील माणसापर्यंत पोहोचणारी वंशावळ, हे सारे पुरावा म्हणून मान्य आहे. सातपुड्याच्या पायथ्याला यावल-चोपड्याकडे वनजमिनीच्या दाव्यासाठी ज्या म्हाताऱ्याचा जबाब ग्रामसभा नोंदवून घेते, त्याच म्हाताऱ्याचा शब्द नातवाच्या दाखल्यासाठी कवडीमोल ठरतो. ग्रामसभेपुढे, हरकती मागवून घेतलेला जबाब पडताळणी समितीनेही पुरावा म्हणून स्वीकारावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. आईच्याच घरी वाढलेल्या मुलांच्या बाबतीत आईची बाजू पाहिली पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्वीकारले. अर्जाचा नमुना मात्र अजून बापाच्या बापाशीच अडलेला आहे.

कार्यकर्त्यांना वाटेल, जात मोडायला निघालेल्या पक्षाने जातीचे दाखले काढीत बसावे काय? बसावे लागेल. १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत करण्याचे ठरले, तेव्हाही मूळ मालकाचा वारस कोण हे कागदावर दाखवावे लागत होते. शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या काळात ज्यांनी हे काम केले त्यांना कोणी जातीयवादी म्हटले नाही. आपल्या प्रत्येक तालुका समितीने निदान दोन तरुणांना मोडी शिकवावी. गाव नमुना १४ ची सर्व जातींची सूची करून ती विनामूल्य ग्रामपंचायतीत ठेवावी, असा ठराव येत्या ग्रामसभांत मांडावा. आणि आखाजीच्या आधी, सालाची बोली होण्यापूर्वी, भिल्लवस्तीतल्या म्हाताऱ्यांपाशी वही घेऊन बसावे. आजाचे नाव विचारावे, आजीचेही विचारावे, ती कोणत्या गावाहून आली ते विचारावे आणि साक्षीदारांच्या अंगठ्यांसह लिहून घ्यावे. १९५० पूर्वीचे ज्यांना आठवते, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत.